वहमी आप्पांच्या बारा पुड्या

पालमला जाणाऱ्या एसटीवर पालमची पाटी लावलेली असली, तरी आप्पा चढण्याआधी तीन प्रवाशांना विचारत, ही गाडी पालमलाच जाते ना. तिघांनीही एकदम हो म्हटलं की त्यांची शंका वाढे, आणि मग कंडक्टरची पाळी येई. गाडीत बसल्यावरही ओळखीचा फाटा दिसेपर्यंत ते मांडीवरची पिशवी खाली ठेवत नसत. गावात त्यांना सगळे ‘वहमी आप्पा’ म्हणत. हे नाव कुणी पाडलं असेल, यावरूनही त्यांचा चार जणांवर संशय होता.

आप्पा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाले तरी त्यांच्याकडे लाकडी डबीत ठेवलेला पितळी काटा होता, नखाएवढी वजनं असलेला. दुकानातून आणलेली सुपारीसुद्धा ते घरी येऊन त्यावर पुन्हा तोलत. कमी भरली तर दुकानदार चोर, जास्त भरली तर तो काहीतरी लपवतोय. त्यांची पुडी बांधायची पद्धत मात्र बघत राहावी अशी होती. कागदाला चार घड्या, शेवटची घडी आत खोचलेली. पुडी पिशवीत उलटीसुलटी झाली तरी आतली पावडर सांडायची नाही. गावातल्या बैलांना पोटफुगीवर आप्पांचीच पुडी लागायची.

माझे वडील आणि आप्पा लहानपणापासूनचे मित्र. वडिलांच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. मी चौथीत असताना कडबाकुट्टीत गेली, असं घरात सांगत. आई त्या यंत्राला मरेपर्यंत शिव्या देत होती. त्याच वर्षी वडिलांनी जुनी बंदूक टाकून दुसरी घेतली होती, पण त्याकडे कोण लक्ष देतो. रोज संध्याकाळी आप्पा ओट्यावर येत आणि वडिलांची सुपारी स्वतःच्या अडकित्त्यानं कातरून त्यांच्या तळहातावर ठेवत. मला वाटायचं, मैत्री म्हणतात ती हीच.

वडील गेले आणि शेत माझ्याकडे आलं. माझे यजमान पालमच्या शाळेत मास्तर, त्यांना खडू सोडून काही धरता येत नाही. शेताबरोबर पीक राखायचा परवाना आला आणि परवान्याबरोबर ठासणीची बंदूक. रानडुकरांनी तेव्हा उच्छाद मांडला होता. झटका मशीन लावून झालं, भोंग्यावर वाघाची डरकाळी लावून झाली. आठ दिवसांत डुकरं त्या वाघाखालीच हरभरा उकरायला लागली. वनखात्याचा रीतसर कागद मिळाला, पण बंदूक भरायची कशी, हे मला ठाऊक नव्हतं. गावात ते नीट जाणणारा माणूस एकच होता, आप्पा. बाईमाणसाला हे कशाला, असं गावातले बरेच जण म्हणाले. आप्पा म्हणाले नाहीत. त्यांचा संशय सगळ्यांवर सारखा होता, बाई म्हणून मला त्यात सूट नव्हती.

पहिला आठवडाभर त्यांनी मला दारूच्या डब्याला हात लावू दिला नाही. नुसता गज घालायला लावला. गज म्हणजे नळीत दारू ठासायची लोखंडी सळई. आमच्या गजावर आप्पांनी कानशीनं दोन खुणा पाडल्या होत्या. नळी रिकामी असेल तर गज आत जाऊन वरची खूण तोंडाशी येते. दारू, चिंधीचा बोळा, छर्रे आणि वर पुन्हा बोळा असं सगळं बरोबर भरलं असेल तर खालची. दोन्हींच्या मध्येच थांबला तर काहीतरी राहिलंय, आणि खालची खूणही बाहेर राहिली तर बंदूक दोनदा भरलीय, तिला हात लावायचा नाही. भिंतीवर टांगलेली बंदूक खाली काढली की आधी गज. स्वतःच मघाशी टांगली असली तरी गज.

“रिकामी बंदूक नसते, पोरी,” ते म्हणायचे. “कुणीतरी रिकामी हाय म्हणलेली बंदूक असती.”

मग काटा आला. दारू मी तोलायची, ती ते पुन्हा तोलणार. छर्रे मी तोलायचे, तेही ते पुन्हा तोलणार. दोन्हींचा मेळ बसला तरी माझ्याकडे असे बघायचे, की मीच काट्याला फितवलंय. प्रत्यक्ष भरायचं काम मात्र त्यांनी त्या हंगामात माझ्याकडे दिलं नाही. तुझा हात अजून बसला न्हाई, म्हणायचे. भरताना ते माझ्याकडे पाठ करत. वाऱ्यानं दारू उडते, असं त्यांचं कारण. वारा पडलेला असला तरी पाठ असायचीच.

भरलेली बंदूक माझ्या हातात आली की मी तशीच शेताच्या कडेला धुऱ्यावर जाऊन बसायची. वडिलांच्या वयाच्या माणसानं भरून दिलेल्या बंदुकीत त्याच्यासमोर गज घालायचा, म्हणजे त्याच्या तोंडावर संशय घेणं झालं. आमच्याकडे अशी रीत नाही. सकाळी तांबडं फुटताना डुकरं यायची, मी बार काढायची, मोठा आवाज व्हायचा, धूर व्हायचा आणि डुकरं पळायची. पडायचं एकही नाही. पुढे पुढे ती पळायचीही पलीकडच्या धुऱ्यापर्यंतच आणि तिथून मागे वळून बघायची. हरभऱ्याच्या तीन पट्ट्या त्यांनी नांगरल्यासारख्या केल्या होत्या. वर्षाचं पीक डोळ्यांसमोर जात होतं आणि मी आपल्या नेमाला दोष देत होते.

शेजारच्या शेताचे दत्तराव एकदा बांधावर थांबून हळूच म्हणाले, “ताई, नेम सोडा. छर्रे कुठं जायलेत ते बघा.” छर्रे परवाना दाखवून वर्षाला ठरावीकच मिळतात. नदीकाठी चोरून ससे मारणाऱ्यांना ते सोन्यासारखे. आप्पा त्या लोकांच्या बकऱ्यांना औषध द्यायला जातात, हेही दत्तरावांनी जाता जाता सांगितलं. मी त्यांना दटावलं. पण ते बोलणं डोक्यातून गेलं नाही. आप्पा पाठ का करतात? भरून झाल्यावर त्यांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशाकडे का जातो? आठ दिवस मी तो हात बघत होते.

नवव्या दिवशी आप्पांनी बंदूक भरून माझ्याकडे दिली. दत्तराव पलीकडच्या बांधावर होते. मी गज काढला आणि नळीत घातला. तो दोन खुणांच्या मध्ये थांबला.

“आप्पा, छर्रे कुठं हायत?”

आप्पांनी गजाकडे बघितलं आणि ते बांधावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची लाज नव्हती. उन्हातून आलेला माणूस सावलीला टेकतो तसे ते टेकले.

“किती दिवस लावलेस गं,” ते म्हणाले.

मला त्याचा अर्थ लागला नाही, लावून घ्यायचाही नव्हता. माझा हरभरा गेला होता. “तुमी मला शिकवायलाव का चोरायलाव?” मी म्हणाले. दत्तरावांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

आप्पांनी खिशातून त्या दिवसाचे छर्रे काढून माझ्या तळहातावर ओतले. “तुझ्या बापानं एकदाबी गज घातला न्हाई,” ते म्हणाले. “आप्पानं भरली म्हणला की खांद्याला लावायचा. त्या दिवशी मी भरून चहा प्यायला गेलो, आलो आन् पुन्हा भरली. नळी फुटली. कडबाकुट्टीनं न्हाई गेली त्याची बोटं, माझ्यानं गेली. त्यानं सगळ्यांना कुट्टी सांगितली, तुझ्या मायलाबी. म्हणून ठरवलं व्हतं, जवर तू माझ्यावर संशय घेत न्हाईस, तवर तुला पुरी बंदूक द्यायची न्हाई.”

एवढं बोलून ते उठले आणि गावाकडे चालू लागले. मी हातातल्या छर्ऱ्यांकडे बघत उभी होते. डोळ्यांसमोर अडकित्ता येत होता आणि वडिलांचा तळहात.

ही गोष्ट इथे संपली असती तर माझ्याही मनाला बरं वाटलं असतं. पण दत्तराव जवळ आले आणि म्हणाले, “आजचे दिले. बाकीच्या बारांचे कुठं हायत?” आणि खरं सांगते, माझ्याही मनात तोच प्रश्न आला होता. संशय असा चिकटतो, की मूळ कारण गेलं तरी तो जात नाही. बोटांची गोष्ट मी खरी मानली. छर्ऱ्यांची मानली नाही. विचारलंही नाही. आप्पांनीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बंदूक मी भरू लागले. आप्पा लांब बसून बघत. पाचव्या सकाळी कळपातला मोठा डुक्कर पडला, बाकीचे नदीच्या अंगाला गेले आणि उरलेला हरभरा हाती लागला. त्या दिवशी आप्पांनी फक्त विचारलं, भरल्यावर गज किती वेळा घातलास. दोनदा, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. तेवढीच माझी पदवी.

पण दत्तरावांनी ते ‘चोरायलाव’ गावभर नेलं होतं. जन्मभर दुसऱ्यांचं माप तपासणाऱ्या माणसाकडे आता लोक तसंच बघू लागले. बैलाला पोटफुगी झाली तरी आप्पांना बोलावणं येईना, पुडीत काय घालतील सांगता येत नाही म्हणून. मी एकदा पारावर उभं राहून सांगितलं असतं, की आप्पा चोर नाहीत, तर ते थांबलं असतं. मी सांगितलं नाही, कारण मला खात्री नव्हती. आणि खात्री करून घ्यायला त्यांच्यासमोर जायचं धाडस नव्हतं. ओट्यावर ते येत राहिले. मी चहा द्यायची. कपात बघून, वास घेऊनच ते पीत. आम्ही पावसापाण्याचं बोलायचो.

मागच्या वर्षी परभणीच्या दवाखान्यात आप्पा गेले. शेवटच्या दिवसांतही सलाइनच्या बाटलीवरचं नाव ते नर्सकडून दोनदा वाचून घेत होते, असं त्यांचा मुलगा सांगत होता. तेराव्यानंतर तो आमच्या घरी आला आणि काट्याची लाकडी डबी माझ्यापुढे ठेवली. हे तुमालाच द्यायचं म्हणून सांगितलंय, म्हणाला, आन् मी उघडून बघितलं न्हाई, हेबी सांगायला सांगितलंय.

डबीत पितळी काटा होता, वजनं होती आणि खाली पुड्या होत्या. चार घड्यांच्या, शेवटची घडी आत खोचलेली. बारा. त्या हंगामात त्यांनी भरून दिलेल्या बंदुकीतून मी काढलेले बारही बाराच होते. वरच्या पुडीवर त्यांचं दवाखान्यातलं तिरकं अक्षर होतं: ‘तोलून घे.’

इतकी वर्षं त्यांनी त्या तशाच ठेवल्या होत्या. मी मागितल्या असत्या तर त्याच दिवशी दिल्या असत्या. चोर म्हणणाऱ्या पोरीला आपणहून पुरावा द्यायचा नाही, एवढा स्वतःचा मान त्यांनी राखला, आणि तो राखताना गावातलं आपलं नाव जाऊ दिलं. ते वाचवायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही.

मी काटा खुंटीला टांगला. एका पारड्यात त्या हंगामात ठरलेलं वजन ठेवलं आणि दुसऱ्यात एकेक पुडी उघडून ओतत गेले. पहिली बरोबर भरली. दुसरी बरोबर भरली. प्रत्येक वेळी काटा मध्ये येऊन थांबला, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, पुढची तरी कमी भरावी, म्हणजे मी इतकी वाईट ठरणार नाही. अकराही पुड्या बरोबर भरल्या.

बारावी मी हातात घेतली आणि तशीच डबीत परत ठेवली. आप्पा असते तर चिडले असते. ती मी अजून उघडलेली नाही.