गाडग्याखाली गाडगं

कल्पना करा, तुम्ही खड्ड्यात उकिडवे बसला आहात. हातात छोटी थापी, शेजारी ब्रश आणि घमेलं. माती खणायची नाही, दुधावरची साय काढावी तशी हलक्या हाताने खरवडायची. रंग बदलला की थांबायचं. आणि थापी फिरते आहे त्या जागी कधीकाळी तुमचं अंथरूण असायचं.

शिवलीला हेच काम करत होती.

बंगळूरजवळच्या जुन्या येलहंक्यातल्या एका गल्लीत मालकाने नवी इमारत बांधायला भाड्याच्या खोल्या पाडल्या, तेव्हा खाली विटांची जमीन निघाली आणि तिच्याखाली त्याहून कितीतरी जुन्या दगडी भिंती. पायाभरणीआधी खणून नोंद करायला आम्हा पुरातत्त्ववाल्यांना थोडी मुदत मिळाली. मोजणीचं काम माझ्याकडे होतं. शिवलीला रोजंदारीवर आली. माहेर निपाणीजवळचं. लग्न झाल्यावर ती नवऱ्याबरोबर, देवाप्पाबरोबर, या खोल्यांपैकीच एकीत राहायला आली होती. तिची मुलगी पवित्रा तिथेच सुईणीच्या हातून जन्मली आणि तिची वार गाडग्यात घालून त्याच खोलीत पुरली.

ते गाडगं तिला हवं होतं. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं.

"जेसीबीच्या दातात जायला नको. लेकीला सातवा महिना लागलाय. वार उघड्यावर पडली की लेकराला सुख लागत नाही म्हणत्यात."

खोदकामाचे प्रमुख वादिराज धारवाडचे, मराठी उत्तम बोलणारे. म्हणाले, "अक्का, मला वाटलं सोनं मागताय."

"सोनं असतं तर तुम्हाला सांगिटलं असतं होय वो?"

सगळे हसले. "सरी, ठीक आहे," वादिराज म्हणाले. "पण स्वल्प थांबा. आधी फोटो, मोजणी. मग तुमचं गाडगं तुमच्या हातात."

ते सापडलं एका दुपारी, तिने बोट दाखवलं होतं त्याच कोपऱ्यात. वर ॲल्युमिनियमचं झाकण, गंजलेलं नाही, फक्त पांढुरकं. मी मोजणी घेतली, फोटो झाले. तिने ते दोन्ही हातांनी उचललं आणि खालची माती सारखी करायला थापी लावली. मातीत वेगळ्या रंगाचा गोल दिसला. त्या गोलात आणखी एक तोंड होतं, मातीच्या झाकणाने मिटलेलं.

"हे माझं नव्हं," ती म्हणाली आणि हात मागे घेतला.

विटांच्या जमिनीतल्या विटा काढून ते दुसरं गाडगं बसवलेलं होतं, विटा पुन्हा नीट लावलेल्या. पुढच्या काही दिवसांत आम्ही दगडी भिंतींच्या थरापर्यंत उतरलो. तिथे तिसरं होतं. जाड, काळं, तसंच झाकलेलं.

मला वाटलं, मोजणीचं यंत्र बिघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा मोजलं. तिन्हींचे मध्य एकाच बिंदूवर येत होते. आराखडे एकावर एक ठेवून पाहिले तर शिवलीलाच्या खोलीत ती जागा कोपऱ्यात येत होती, विटांच्या घरात खोलीच्या मधोमध, आणि सगळ्यात जुन्या घरात तर भिंतीबाहेर, अंगणात. तिन्ही घरांना सामाईक अशी एकही खूण नव्हती.

"बायकांनी एकमेकींना सांगितलं असेल," वादिराज म्हणाले. "सासूने सुनेला, तिने पुढच्या सुनेला."

"मला कोण सांगणार?" शिवलीला म्हणाली. "सासू मी यायच्या आधीच गेलेली. शेजारचे समदे आमच्यासारखेच नवे. ह्यांनी दाराजवळ खणायला घेतलं होतं. मीच बाजेवरनं म्हटलं, तिथं नको, ह्या कोपऱ्यात."

"का?"

"तिथं फरशी कोमट लागायची. थंडीतसुदिक. पोटुशी असताना मी पाय तिथंच ठेवून बसायची."

वादिराजांनी वाकून खड्ड्याच्या तळाशी तळवा टेकला. बराच वेळ तसाच ठेवला. मग हात पँटला पुसत ते उठले आणि म्हणाले, "चहा घेऊ." त्यांना काय लागलं, हे मी विचारलं नाही. मी हात लावूनही पाहिला नाही.

खालची दोन गाडगी तपासणीसाठी गेली. शिवलीला तिचं गाडगं पदरात गुंडाळून घरी घेऊन गेली. तिच्या आताच्या घरामागे हातभर अंगण आहे. पवित्राचे दिवस भरायच्या आत ते तिथे पुरायचं, असं ठरलं होतं. पवित्रा हसते, "आई, मी धडधाकट आहे की." देवाप्पाने तुळशीजवळ कुदळ घातली, तर शिवलीलाने हात धरला. नळाजवळ घातली, तिथेही धरला.

काम आटोपल्यावर ती चपला काढून अंगणभर फिरते. पाऊल टेकते, थांबते, उचलते. जमीन सगळीकडे सारखीच गार लागते. गाडगं अजून खिडकीत आहे.

परवा आम्ही यंत्र आवरत होतो, तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"मोजणीवाल्या बाई, तुमच्या यंत्राला जागा कळती," ती म्हणाली. "पवित्राच्या वेळी मला कुणी दाखवली?"