ऑपरेटरशिवाय मशीन

‘टाकाऊ यंत्रांचं संगीत’ असं कार्यक्रमाच्या कार्डावर छापलं होतं. त्यातलं एक यंत्र, जुना रेकॉर्ड प्लेयर, माझ्या बाबांचं होतं आणि ते कोणी टाकलेलं नव्हतं. सौंदडजवळच्या आमच्या घरात ते टेबलावर, आईच्या लुगड्याच्या तुकड्याखाली झाकलेलं असायचं. दर रविवारी बाबा त्याची मोटर फिरवून बघत. टाकाऊ वस्तूला कोणी तेल घालतं का?

बाबा भोंगेवाले. लग्न असो, चौदा एप्रिल असो, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो, आजूबाजूच्या गावांत रेकॉर्ड वाजायची ती बाबांच्या हातानं. या धंद्यात एक रीत होती. मशीन भाड्यानं जायचं, पण एकटं जायचं नाही. सोबत ऑपरेटर जायचा. सुईला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मग तो नवरदेव का असेना. ज्या घरांच्या ओट्यावर बाबांना बसू देत नसत, तिथंही मशीनपाशी त्यांच्यासाठी खुर्ची मांडावीच लागे. पुढं कॅसेट आल्या, धंदा गेला, मशीन राहिलं.

जुने रेकॉर्ड प्लेयर वापरून संगीत रचणारा कोणी शहरातला कलाकार गोंदियात येतोय आणि मशीन शोधतोय, असं कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर वाचलं. त्याला घरी मीच आणलं. आमच्या घरातली पहिली बी.ए. मी. मला वाटलं, माझं शिक्षण बाबांच्या कामी यायची ही वेळ आहे.

तो आला, चहा प्याला, म्हणाला, “ओरखडे पडलेल्या रेकॉर्ड असतील तर उत्तम, काका.”

बाबा हसले. “साहेब, सारी जिंदगी रेकॉर्डले ओरखडे पडू नाई म्हणून गेली, अन् तुम्ही तेच मांगून राहिले!”

तरी दिल्या. मशीनही दिलं. एकच अट घातली, चालवीन मी. “अर्थात काका, तुम्ही तर हवेतच!” असं तो म्हणाला. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

कार्यक्रम दुपारचा होता. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. स्टेजवर चार मशीन होती आणि खुर्ची एकच. आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं. मी जाऊन विचारलं, तर म्हणतो, “ताई, रचना फार नाजूक आहे. काका आज आपले पाहुणे.”

“असू दे,” बाबा म्हणाले आणि बसून राहिले.

एका मशीनवर सुई अडकवून ठेवलेली, तिथून अर्धाच शब्द पुन्हा पुन्हा. दुसरं अगदी हळू. मला काही कळलं नाही, खोटं कशाला सांगू? बाबा मात्र पुढं वाकून ऐकत होते. मग आमच्या मशीनचा आवाज जाड होत होत खाली उतरायला लागला. कलाकारानं डोळे मिटले आणि तो डोलायला लागला.

बाबा उठले. “हे ठरवून नाई. मोटर जाम होऊन राहिली.”

“बाबा, बसा ना.”

“कायले बसू? जळून जाईल ते!”

पायरीपाशी चपला काढून ते स्टेजवर चढले. एका कार्यकर्त्यानं त्यांचा दंड धरला. मागून कोणी ओरडलं, “अरे, चाचा को भी चढ़ गया!” सगळा हॉल हसला. बाबांनी दंड सोडवला, सुई उचलली, प्लग काढला आणि तळहात ठेवून मशीन किती तापलंय ते बघितलं. तोवर मोटरमधलं वार्निश जळाल्याचा वास पहिल्या रांगेपर्यंत आला होता. मग हसणं थांबलं.

शेवटी प्रश्नोत्तरं झाली. कलाकारानं माईक घेतला. “काकांचं ते अचानक येणं, हा आजच्या रचनेतला सर्वांत सुंदर क्षण होता. यंत्राशी त्यांचं किती आदिम नातं आहे!” टाळ्या.

मी उभी राहिले. “आदिम कशाला? तो शिकून केलेला धंदा आहे. तुमचं सौंदर्य चालू होतं तेव्हा मोटर जळत होती. ते या हॉलमध्ये एकाच माणसाला ऐकू आलं, आणि त्याला तुम्ही शब्द देऊन खाली बसवलंत.”

“तुमच्या भावना मी समजू शकतो, ताई.”

भावना! मी मोटरचं सांगत होते.

मशीन आम्ही त्याच दिवशी परत आणलं. गाडीत ते बाबांच्या मांडीवर होतं. बाबा म्हणाले, “पण पोरी, चीज वाईट नवती. चार मशीन एकदम लावाव्या, हे आमाले कधी सुचलंच नाई. मी असतो तं दुसरी रेकॉर्ड थोडी उशिरा सोडली असती.”

माझा राग आणखी वाढला. त्या हॉलमध्ये ते संगीत इतक्या बारकाईनं ऐकणारा माणूस हाच, आणि याला कोणी एक शब्द विचारला नाही.

मागच्या महिन्यात त्या कलाकाराचा फोन आला. दुसऱ्या शहरात कार्यक्रम आहे, मशीन हवंय. बाबा शेजारी बसून ‘हो म्हण, हो म्हण’ अशा खुणा करत होते. मी म्हटलं, “मशीन येईल. सोबत ऑपरेटर येईल, स्टेजवर तुमच्या बरोबरीनं बसेल. आणि कार्डावरचा ‘टाकाऊ’ काढा.”

“ताई, त्यानं रचनेचा अर्थच बदलतो.”

“बदलू द्या.”

विचार करून कळवतो, म्हणाला.

“काऊन एवढं ताणलं?” बाबा चिडले. “देऊन टाकलं असतं. वाजलं तरी असतं कुठं.”

दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. मोटर त्यांनी दुरुस्त केली आहे, मशीन चालतं. फोन अजून आलेला नाही. आला तर मी तेच सांगीन.