बाबांचा चार्ज

असल्या गोष्टी मासिकात आल्या की मी पान उलटून पुढं जायचे. आज स्वतःच लिहायला बसले आहे... बाबा जाऊन वर्ष होत आलं, म्हणून असेल.

बाबा, गोविंदराव, निजामाच्या काळापासून औरंगाबादच्या पॉवरहाऊसमध्ये ऑपरेटर. तिथला रिवाज असा — पुढच्या ड्यूटीचा माणूस येऊन 'चार्ज लिया' म्हणेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. बाबांना सोडवायला सय्यदसाहेब यायचे. दोघांच्या डब्यांची अदलाबदल चाले. आई म्हणायची, "माझं पिठलं सय्यदभावजी खातात, अन् हे नुसती तारीफ घेऊन घरी येतात."

पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी राज्यं नव्यानं मांडली गेली. विजेचं खातं हैदराबादहून मुंबईकडं गेलं, सय्यदसाहेब मात्र हैदराबादच्या वाट्याला. खातं बदललं त्या दिवशी ड्यूटीवर येण्याऐवजी त्यांना गाडीच धरावी लागली. बाबा वाट बघत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी नवे साहेब आले नि म्हणाले, "उठा, आता हे आमचं." बाबा उठले. पण चार्ज घेतला, असं कुणी म्हणालंच नाही. पुढं आयुष्यभर ते हसत सांगायचे, "मी अजून ड्यूटीवरच हाय."

शेवटी छावणीतल्या आमच्या घरी ते अंथरुणाला खिळले. एकदा मी पेपर वाचून दाखवला — वीज मंडळ मोडून वेगवेगळ्या कंपन्या होणार. त्यांचं हसू गेलं. "मग चार्ज कुणाला द्यायचा?"

तेव्हापासून झोप नाही. धाप लागायची, तरी पाठ टेकायला तयार नाहीत. "माणूस आल्याबिगर कसं सोडू, माय?"

एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते. त्यांच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं.

"लई उशीर केला, साहेब."

"गाडी लेट हो गई, राव. उठो अब. चार्ज लिया."

बाबा हसले. शेजारचं कुणी आलं असेल म्हणून मी दोन कप चहा घेऊन गेले. खोलीत बाबा एकटे. बाहेरच्या दाराला आतून कडी. कित्येक दिवसांनी ते आडवे झाले होते, गाढ झोपले होते. संध्याकाळी झोपेतच गेले.

सय्यदसाहेब तर कधीच वारले होते. त्यांचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

दिवस झाल्यावर हैदराबादला त्यांच्या मुलीला, शाहीनला, फोन केला. बाबा गेले, एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "अब्बा आखिर में एकीच बात बोलते थे, आपा... मेरेकू औरंगाबाद जाना है, गोविंदराव बैठे हुए हैं."



"आले होते ते," मी म्हणाले.

कधी, कसे — तिनं काहीच विचारलं नाही.