पाठीवर चालणारी अळी

भाद्रपदातल्या एका रविवारी सकाळी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत अळ्यांच्या औषधासाठी दर घरामागे वीस रुपये गोळा झाले. बागेत उभे होतो सेक्रेटरी, मी आणि माझी पत्नी सुनंदा. तिच्या खताच्या खड्ड्यात गलेलठ्ठ पांढऱ्या अळ्या निघाल्या होत्या.

"हुमणी आहे, मुळं खाते. बागेत पसरेल. संध्याकाळी औषध ओततो," सेक्रेटरी म्हणाले.

औषध पडले की सुनंदाचा चार वर्षांचा खड्डा संपला. तिने तीन अळ्या थोड्या खतासकट श्रीखंडाच्या डब्यात घातल्या, झाकणाला भोके पाडली आणि आम्ही लोणी काळभोरला निघालो. तिथे माझ्या साडूंच्या उसाला खरी हुमणी लागली होती.

बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारले, "श्रीखंडाला भोकं कशाला हो?"

"श्वास घ्यायला," सुनंदा म्हणाली. बाईंनी जागा बदलली.

हडपसर मागे पडले तशी इमारतींमधून शेते दिसू लागली. साडू बांधावरच भेटले. डबा उघडून पाहत म्हणाले, "या पाव्हणं! ही काय, हुमणीच हाय."

त्यांनी उसाचे एक पिवळे बेट ओढले. ते अलगद हातात आले. खाली मुळेच नव्हती. मातीतून त्यांनी हुमणी काढली. वर्तमानपत्रावर ती आणि आमची एक अळी शेजारी ठेवली. हुमणी पायांवर सरपटत निघाली. आमची उताणी झाली. बसच्या धक्क्यांनी दगावली असे वाटून मी ती काडीने सरळ केली. ती पुन्हा उताणी झाली आणि पाठीवरच सरसर चालू लागली. दुसरीही तशीच, तिसरीही.

"आयला, ही निराळीच जात की!" साडू म्हणाले. "आमच्या हुमणीचा भुंगेरा कडुलिंबाचा पाला खातो. ही खाते तरी काय?"

"कुजलेलं," सुनंदा म्हणाली. "खड्ड्यातल्या भोपळ्याला अजून धक्का लागलेला नाही."

पिठलं-भाकरी खाऊन आम्ही परतलो. सेक्रेटरी बाटली घेऊन खड्ड्याशी उभे होते. अळीची चाल त्यांनी पाहिली.

"उलटी चालते म्हणून सज्जन?"

 एकच भोपळा धरलेला खड्ड्यातला वेल सुनंदाने मुळासकट उपटला. मुळे पांढरीशुभ्र, अखंड होती. भोवतीच्या कुजक्या पाल्यात अळ्या वळवळत होत्या. सेक्रेटरींनी बाटली पिशवीत घातली.

वेल तिने पुन्हा लावला, पण तो जगला नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन जिवांतला फरक दाखवायला तिसऱ्याचा जीव गेला, हे मला अजून खटकते.

वीस रुपये परत मिळाले. कोवळा भोपळा सुनंदाने भरीत करायला सेक्रेटरींच्या घरी दिला.