प्लॅन साधा आहे

"प्लॅन साधा आहे," असं म्हणून माझा दोस्त हातमोजे टेबलावर आपटायचा, आणि आम्ही समजायचो की आज घरी जायला उशीर होणार. न्यूझीलंडमधल्या 'ते रापा' इथल्या आमच्या वर्कशॉपमध्ये पंपाचं एक सील बदलायचं असलं तरी तो टेबलावर नट-बोल्ट मांडून नकाशा करायचा.

हे वेड ब्रिटिश सिनेमांचं. लंडनचे भुरटे गुंड, कारस्थान भलतंच मोठं आणि अक्कल बेताची. त्यांचे उच्चार मला ओ की ठो कळत नसत. शनिवारी दुपारी तो मला घरी बसवून सिनेमा थांबवत थांबवत समजावायचा, आणि विनोद यायच्या आधीच स्वतः हसायचा.

"यात एवढं काय आहे रे?" मी एकदा वैतागून विचारलं.

"अरे, बाकीचे गुंड बघून भीती वाटते. हे आपल्यातलेच आहेत. बंदूक आणतील, गोळ्या घरी विसरतील. पण दोस्ताला टाकून पळणार नाहीत. आणि कोपऱ्यात चहा पीत बसलेलं ते म्हातारं बघ. त्याला सगळं आधीच ठाऊक असतं."

दुःखाची बातमीही गंमत म्हणून सांगणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. २०१७ साली त्याला कॅन्सर निघाला. डॉक्टर काही महिन्यांचीच मुदत देत होते. दुसऱ्या दिवशी हा हातमोजे आपटत हजर. "प्लॅन साधा आहे. पुण्यात आईला कळता कामा नये. ती एकटी आहे, तिला सोसणार नाही."

तो कामावर येईनासा झाला, तेव्हा आम्ही त्याच्या गॅरेजमध्येच वर्कशॉप उभं केलं. दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ असायची, आई चहाचा कप घेऊन बसलेल्या असत. केस गेलेल्या डोक्यावर हेल्मेट घालून हा सांगायचा, "हीप्स काम आहे गं आई, ढीगभर! ओव्हरटाइम!" मी मागे उगाच ड्रिल चालवायचो. आमचा सहाफुटी माओरी फोरमन पाना घेऊन मागून जायचा आणि आपल्या भाषेत नमस्कार करायचा, "किया ओरा, आई!" त्या म्हणायच्या, "सुखी राहा रे बाबा."

एकदा हसता हसता हेल्मेट घरंगळलं. मी "नेटवर्क! नेटवर्क!" ओरडत फोनच बंद केला. त्या दिवशी तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. नंतर बराच वेळ ते पाणी थांबलं नाही.

वसंतात तो गेला. आईंना व्हिडिओ कॉल मलाच करावा लागला. एक वाक्य कसंबसं बोललो आणि मला रडू आवरेना.

"मला ठाऊक होतं," आई म्हणाल्या. "रविवारी बसून बोलताना हेल्मेट कोण घालतं रे? पण तुम्ही सगळे इतक्या निगुतीने खोटं बोलत होतात, माझ्याच्याने मोडवेना."

मग घाबऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "मला कळलंय, हे त्याला कळलं नाही ना?"

"नाही, आई. शेवटपर्यंत नाही."

त्यांनी मान हलवली आणि गार झालेला चहा बाजूला ठेवला.