सासऱ्यांचा डावा हात

माझ्या सासऱ्यांना देवाने दोन हात दिले होते, पण त्यांतला एकच त्यांच्या मालकीचा होता. उजव्या हाताने ते जेवत, देवाला फूल वाहत आणि गड्यांना दम देत. डावा हात त्यांनी सगळ्या म्हसावद गावाला देऊन टाकला होता. गावात कुणाला खरूज झाली, गळू आलं, नायटा पसरला, की सासरे बांधावरून कसलातरी पाला ओरबाडून आणत, पाट्यावर वाटत, फडक्यातून रस पिळत आणि आधी स्वतःच्या डाव्या हातावर चोळून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघत. हाताने मंजुरी दिली तरच ते औषध दुसऱ्याच्या अंगाला लागे. ते वैद्य नव्हते. कापसाची चांगली शेती होती, दारात बैलजोड्या होत्या, गावात मान होता. फक्त कुणाच्या अंगावर फोड दिसला की त्यांना तिथून हलवत नसे.

त्या हाताचं वर्णन काय करावं! कुठे हिरवा, कुठे काळा, कुठे सोललेल्या बटाट्यासारखा. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या डाव्या बाजूच्या पाटावर कुणी बसत नसे, कारण करंजाच्या तेलाच्या वासाने समोरचा लाडू कडू लागायचा. बाही आड येते म्हणून सदऱ्याला ते एकच बाही ठेवत, उजवी. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा ते असेच ओट्यावर आले, आणि माझे काका माझ्या कानाशी लागून म्हणाले, "घरात वेडाची बाधा नाही ना, ते आधी विचार." सासूबाईंचा त्या बाहीवर जन्माचा राग. वाचलेल्या कापडाची त्या गावभरच्या तान्ह्या पोरांसाठी टोपडी शिवत आणि शिवताना बोलत राहत, "लोके हासतस. चार मान्सेसमा आसा उघडा हात लिसन फिरतस, माले लाज वाटस!" सासरे शांतपणे हात उन्हात धरून बसलेले असत.

एकदा ते मोलगीच्या बाजारातून औषधी झाडांच्या पोतंभर साली घेऊन आले. डोंगर चढून-उतरून थकले होते, पोतं परसात टाकून झोपले. सकाळी सासूबाईंनी जळण समजून त्यातल्या निम्म्या चुलीत घातल्या. त्यांवर तापलेल्या पाण्याने आंघोळ करून सासरे बाहेर आले आणि म्हणाले, "आज आंग कसं हलकं लागी ऱ्हायनं!" खरा प्रकार कळल्यावरही ते वरमले नाहीत. पुढचे काही दिवस त्या सालींच्या धुराचे गुण भेटेल त्याला सांगत होते.

त्यांचं एक ठाम मत होतं. औषध झोंबलं पाहिजे. जे झोंबत नाही ते औषध नव्हे, पाणी. माझ्या पहिल्या दिवाळसणाला माझ्या पोटरीवर गळू होतं. त्यावर त्यांनी करंजाचं तेल अशा जोराने चोळलं की मी धोतर सावरत अंगणाला फेऱ्या मारल्या. ते टाळी वाजवून ओरडले, "दखा, जावाई पयाले लागनात! गुन ऊना!" गळू आपोआप बरं होणारच होतं असं मला आजही वाटतं, पण ते त्यांना सांगायची सोय नव्हती.

आमच्या पहिल्या मुलीचा जन्म म्हसावदलाच झाला. महिना भरायच्या आत मला नंदुरबारला निरोप आला, पोरीच्या अंगावर फोड उठलेत, लगेच निघा. मी गाडी करून पोहोचलो तेव्हा दुपार टळली होती. बायको मांडीवर मूल घेऊन बसली होती. पोरीच्या मानेखाली, काखेत, जांघेत पाण्याने भरल्यासारखे फोड. काही फुटून तिथली कातडी ओली लालभडक झालेली. रडायलाही तिच्यात जोर उरला नव्हता, नुसती कण्हत होती. तालुक्याचे डॉक्टर येऊन गेले होते. जखमा धुऊन त्यांनी मलम दिलं होतं आणि स्पष्ट सांगितलं होतं, की यावर हमखास औषध माझ्याकडे नाही. स्वच्छ ठेवा, पाला लावायचा तर जपून लावा, एवढ्या कोवळ्या कातडीला काही जहाल लागलं तर ती सोलून निघेल.

आणि सासरे? ज्या माणसाने आख्ख्या गावाला झोंबवलं, तो माणूस ओट्यावर पाठमोरा बसला होता. माझं डोकंच फिरलं. मी जाऊन म्हणालो, "लोकांच्या पोरांना लावता, मग स्वतःच्या नातीला का नाही?" त्यांनी मान वर केली. डोळे तांबारले होते. म्हणाले, "हात आजून काही सांगी नही ऱ्हायना."

मग मला तो हात दिसला. पोरीच्या फोडातलं पाणी त्यांनी बाभळीच्या काट्याने स्वतःच्या हातावर चार ठिकाणी टोचून घेतलं होतं. एका जागेवर करंजाचं तेल, एकीवर निंबाच्या पाल्याचा काढा, एकीवर बाभळीच्या सालीचं पाणी. मनगटाजवळच्या चौथ्या जागेवर काहीच नव्हतं. ती का कोरी ठेवली, असं मी विचारलं. "काहीच नही लावं तर काय व्हस, ते नको का समजाले?" ते म्हणाले. चारही जागी बारीक पुळ्या नुकत्या डोकं वर काढत होत्या. आत पोरगी कण्हली की त्यांचं बोट करंजाच्या पुळीकडे जाई. त्यांचा सगळा जीव करंजावर होता, कारण तीच सगळ्यांत जास्त झोंबत होती.

ते दोन दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. बायको पोरीच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायची, मी ओट्यावर येऊन सासऱ्यांचा हात बघायचो. पोरीने दूध ओढायचं सोडलं तेव्हा बायको बाहेर आली आणि वडिलांपुढे उभी राहून म्हणाली, "बा, काही बी लाव, पन लाव!" ते उठले. करंजाची वाटी हातात घेतली. दारापर्यंत गेले, थांबले, उजेडाकडे वळून हात पुन्हा डोळ्यांजवळ नेला. करंजाची पुळी फुटली होती आणि भोवतालची कातडी साय धरल्यासारखी सुटून आली होती. बाभळीची होती तशीच होती, कोरी जागा फुगत चालली होती. निंबाची सुकून तिच्यावर खपली धरली होती, आणि ती जागा मुळीच झोंबत नव्हती.

त्यांनी ती करंजाची वाटी अंगणात उपडी केली. आयुष्यभर ज्या मतावर भांडले ते मत असं दारातच टाकून ते आत गेले आणि सासूबाईंना म्हणाले, "निंबना पाला उकय. पानी कोमट राहू दे. तिले झोंबाले नको."

निंबाच्या पाण्याने पोरीला दिवसातून कितीदा पुसलं याची मोजदाद नाही. नवे फोड थांबले, ओल्या जागा सुकल्या, आणि एका सकाळी तिने असा टाहो फोडला की आम्ही सगळे हसत रडलो. डॉक्टर बघायला आले. पोर तगली याचा त्यांनाही मनापासून आनंद झाला. मग त्यांचं लक्ष सासऱ्यांच्या मनगटाकडे गेलं. ती कोरी जागा सुजून टरारली होती, लाल रेघ कोपरापर्यंत चढली होती आणि सासरे तापाने फणफणले होते. पोर पुरती बरी होईपर्यंत त्या जागेवर त्यांनी निंबाचा थेंबही लावू दिला नव्हता. पुन्हा फोड आले असते तर ताडून बघायला काय उरलं असतं, हे त्यांचं म्हणणं. सासूबाई कपाळ बडवत होत्या. डॉक्टरांनी तिथेच चीर दिली, बराच पू निघाला. हात वाचला, पण मनगटाजवळ बोट मावेल एवढा खड्डा कायमचा राहिला.

पोरगी मोठी होत गेली तशी तिला त्या खड्ड्याचा लळाच लागला. आजोळी गेली की आजोबांना बिलगून त्यात बोट घालायची आणि झोपून जायची. आधी हात पसरून ऐसपैस झोपणारे सासरे मग कूस बदलायचे नाहीत. औषध झोंबलं पाहिजे, असं त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

ते गेले तेव्हा शिंप्याने घाईघाईने नवा सदरा शिवून पाठवला. असल्या वेळी थट्टा दिसेल म्हणून बिचाऱ्याने दोन्ही बाह्या लावल्या होत्या. सगळं आटोपून त्यांना दारात आणलं. सासूबाई पुढे झाल्या, खाली वाकल्या आणि डावी बाही खांद्याशी धरून त्यांनी एका हिसक्यात फाडून काढली. कुणीतरी त्यांना आवरायला गेलं. "त्यास्ना हात झाकू नका," त्या म्हणाल्या. माझी मुलगी त्यांच्या पदराला धरून उभी होती. सासूबाईंनी त्या बाहीची घडी घातली, कनवटीला खोचली आणि नातीला उचलून त्या हातापाशी नेलं.