मतदान नसलेला मतदार

गावाकडच्या यादीतून नाव काढून सुरतच्या यादीत घातलं, तेव्हा मला वाटलं होतं, आता मी इथला झालो. बमरोलीच्या एका खोलीत राहून दुसऱ्याचे कापडाचे लूम चालवणारा मी. आता कडोदऱ्याला स्वतःचे लूम होते आणि अडाजणला फ्लॅट. तरी इथल्या पुढाऱ्यांसाठी आम्ही खानदेशी लोक बाहेरचेच. सणाला गावी जाताना गाडीच्या जनरल डब्यात माणसं एकमेकांच्या अंगावर बसून जातात. डबे वाढवा म्हणून ज्याच्या त्याच्या दारात गेलो, तर एकच प्रश्न, ‘‘तमारो वोट क्यां छे?’’

म्हणून वोट इथे आणला. लोकसभेला उमेदवार सोसायटीत येतील तेव्हा डब्यांचं बोलायचं, असं ठरवून बसलो होतो. मी आयुष्यभर भावच केला आहे. समोर दोन गिऱ्हाइकं असली की मालाचा भाव चढतो, हे मला कुणी शिकवायला नको.

एका दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टपाशी भेटले. म्हणाले, ‘‘शेठ, पती गयुं. आपणे त्यां मतदानज नथी.’’

मला चेष्टा वाटली. मग त्यांनी फोनवरची बातमी दाखवली. एकाचा अर्ज छाननीत बाद झाला होता, बाकीच्यांनी आपले मागे घेतले होते. उरला एकच. एकच उरला की तो बिनविरोध निवडून आला, असा कायदा.

‘‘आणि ते ‘यापैकी कोणी नाही’चं बटण?’’ मी विचारलं.

‘‘मशीनज नथी, तो बटण क्यां?’’

देशात अजून मोजणी व्हायची होती आणि संसदेतली एक खुर्ची भरलीसुद्धा होती. आमची. माझ्या तोंडून शब्द फुटले ते असे, की सेक्रेटरी जिन्याने निघून गेले.

खरा धक्का पुढेच होता. सुरत शहर एकाच मतदारसंघात नाही, हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. बमरोली नवसारीत मोडते, कडोदरा बारडोलीत. तिथे मतदान होतं. मतदानाच्या दिवशी माझ्या कारागिरांना मीच भरपगारी सुट्टी दिली. लूम बंद, कारागीर रांगेत, आणि मालक घरी!

घरात बसवेना. गाडी काढून बमरोलीला गेलो, थेट शाळेतल्या केंद्रावर. दारातल्या शिपायाला कार्ड दाखवलं.

‘‘तुमचं नाव इथे नाही, काका.’’

‘‘जिथे नाव आहे तिथे मतदान नाही!’’

‘‘मग मी काय करू?’’

मी आवाज चढवला. रांगेतली माणसं बघायला लागली. तेवढ्यात दंडाला धरून कुणीतरी मला बाहेर ओढलं. माझी थोरली बहीण. त्याच गल्लीत अजून राहते. ‘‘कसाले वरडी राहिना, भाऊ? चाल घर.’’ तिच्या बोटावरची शाई अजून ओली होती.

चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, ‘‘तुझ्या गाडीचं बोलले हं मी. उमेदवार गल्लीत आला होता. म्हटलं, डबे वाढवा.’’

‘‘काय म्हणाला?’’

‘‘हो म्हणाला. दुसरा आला, त्यालाही सांगितलं. तोही हो म्हणाला.’’

‘‘हो तर सगळेच म्हणतात.’’

‘‘तुला कोण म्हणालं?’’

आमच्या सोसायटीत कुणी आलंच नव्हतं. यायचं कारणच उरलं नव्हतं. वर्षानुवर्षं ज्याच्यासाठी भांडलो, ते या गल्लीत चुलीपाशी बसून हिने दोघांना सांगितलं होतं, आणि दोघांनाही तिचं ऐकावं लागलं होतं.

भिंतीपलीकडे माझी जुनी खोली. फ्लॅटसाठी मीच विकलेली.

‘‘ताई, ती खोली विकतात का, विचार ना.’’

ती हसली. ‘‘विचारते. पण तुझ्या वेळचा भाव नाही राहिला आता, शेठ.’’